पावसातली पहिली एमटीबी रेस: चिखलात उतरायच्या आधी आणि उतरल्यावर काय करायचं

पहिलीच माउंटन बाइक रेस आणि नेमका पाऊस, असं झालं की निम्मे नवखे आदल्या रात्री नाव मागे घ्यायचा विचार करतात. घेऊ नका. चिखलात सगळ्यांचाच स्पीड पडतो, नेहमी पुढे असणाऱ्यांचाही, आणि जो गडबड न करता गाडी चालती ठेवतो तो नवीन असला तरी बऱ्याच जणांना मागे टाकतो. कोरड्या ट्रॅकवर पायातल्या ताकदीने बरंच भागतं, ओल्यात मात्र ब्रेक शेवटपर्यंत लागले का, चेन फिरत राहिली का आणि बोटांनी लिव्हर दाबता आला का, यावर रेस ठरते. आणि या तिन्ही गोष्टी घरी बसून आधीच करता येण्यासारख्या आहेत. सहा-सहा महिने मेहनत केलेली माणसं झिजलेल्या ब्रेक पॅडमुळे नाहीतर एका पातळ ग्लोव्हमुळे पहिल्या लॅपला बाहेर पडताना बघितली की फार हळहळ वाटते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

१. रेस कुठल्या प्रकारची आहे ते आधी समजून घ्या

रजिस्ट्रेशनच्या पानावर एक्ससीओ लिहिलं असेल तर ती लॅपची रेस, साधारण चार-सहा किलोमीटरचा एकच ट्रॅक पुन्हा पुन्हा फिरायचा, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे तोच प्रकार. एक्ससीएम म्हणजे मॅरेथॉन, लांब पल्ल्याची, कित्येक तास चालणारी. पावसाच्या दृष्टीने दोन्हीत मोठा फरक आहे. लॅपच्या रेसमध्ये तुम्ही दर लॅपला फीड झोनमधून जाता, म्हणजे तिथे कोणीतरी स्वच्छ बाटली आणि चष्मा घेऊन उभं राहू शकतं, पण ट्रॅक प्रत्येक लॅपला जास्त खराब होत जातो. मॅरेथॉनमध्ये ट्रॅक एकदाच भेटतो पण काही बिघडलं तर तुम्ही आणि डोंगर, तिसरं कोणी नाही.

नियमांमध्ये चार गोष्टी शोधा. बाहेरची मदत चालते का आणि चालत असेल तर कुठे, कारण बऱ्याच ठिकाणी मदत फक्त ठरलेल्या झोनमध्येच घेता येते. कट-ऑफ किती आहे, आणि लॅपने मागे पडलेल्यांना बाहेर काढतात का. मोठ्या रेसमध्ये ८० टक्क्यांचा नियम असतो, म्हणजे सगळ्यात पुढे असलेल्या रायडरच्या लॅप टाइमच्या तुलनेत तुम्ही ठराविक अंतराने मागे पडलात की तुम्हाला थांबवतात. हौशी गटात तो बऱ्याचदा लावत नाहीत, पण विचारून घ्या. तिसरं, पाऊस जास्त झाला तर रेस छोटी करणार, पुढे ढकलणार की रद्द करणार. आणि चौथं, कोर्सवर कचरा टाकल्यास काय शिक्षा, ते कशासाठी ते पुढे चष्म्याच्या भागात कळेल.

२. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण रांगेत उभं राहून भिजायचं नसेल तर आदल्या दिवशीच उरका.

- रजिस्ट्रेशनची पावती, प्रिंट आणि मोबाइलमध्ये दोन्हीकडे
- फोटो असलेलं ओळखपत्र
- लायसन्स लागत असेल तर ते, किंवा एका दिवसाचं लायसन्स घ्यायची सोय आहे का याची चौकशी
- मेडिकल सर्टिफिकेट मागितलं असेल तर, आणि त्याची तारीख किती जुनी चालते ते बघून
- सही केलेलं जबाबदारीचं संमतीपत्र, वय कमी असेल तर पालकांच्या सहीसकट
- इन्शुरन्सची माहिती, ब्लड ग्रुप आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद

सगळं एका झिप असलेल्या प्लास्टिक पाउचमध्ये. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही याच वेळी आठवून बघा, दहा वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना विचारा, कारण चिखलात पडून खरचटणं हे जवळपास ठरलेलंच आहे.

३. टायर आणि हवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो. नवखा माणूस ऐकतो की पावसात ग्रिप कमी असते, मग तो दुकानात जाऊन सगळ्यात रुंद टायर घेतो, आणि रेसमध्ये तो टायर फ्रेम आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) मध्ये चिखलाने असा गच्च बसतो की चाक फिरतच नाही. खऱ्या चिखलासाठीचा टायर उलट अरुंद असतो, दोन इंचांच्या आसपासचा, त्याचे गुटके (टायरवरचे रबराचे उंचवटे) उंच आणि लांब लांब असतात म्हणजे चिखल आत शिरतो आणि चाक फिरलं की बाहेर फेकला जातो. गुटके जवळजवळ असलेला वेगवान टायर दोन मिनिटांत गुळगुळीत होतो, मग त्यावर काय गुटके होते ते दिसतसुद्धा नाही.

पण थांबा, लगेच मड टायर घ्यायला धावू नका. ट्रॅक दगड आणि मुळांचा असेल तर उंच गुटके तिथे वाकतात आणि गाडी लटपटते. तिथे रबर मऊ असणं जास्त कामाचं. त्यामुळे माझं मत असं की एकच टायर बदलायची ऐपत असेल तर पुढचा बदला, मोकळ्या गुटक्यांचा आणि मऊ रबराचा लावा, मागे जो आहे तो राहू दे. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की तुम्ही जमिनीवर. टायर लावल्यावर फ्रेम आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंनी बोट आरामात जातंय का बघा, जात नसेल तर चिखल बसायला जागा नाही हे समजा.

हवा. नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी. सुरुवात करायला आकडा हवा असेल तर ७० किलोच्या आसपासचा रायडर, २९ इंची ट्यूबलेस चाक, सव्वादोन इंचांच्या आसपासचा टायर, यासाठी पुढे १८ ते २० आणि मागे २० ते २३ पीएसआयपासून सुरू करून बघा. वजन जास्त असेल तर वाढवा. ट्यूब टाकलेली असेल तर एवढं खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटली की ट्यूबला दोन भोकं पडतात, त्यापेक्षा ग्रिप थोडी कमी चालेल. टायरवर कमीत कमी किती हवा चालते ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं, त्याच्या खाली कधीच नाही. आणि हे सगळं अंगठ्याने दाबून ठरवू नका, एक डिजिटल गेज घ्या आणि प्रत्येक वेळी त्याच गेजने मोजा, कारण दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत.

ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरच्या आतलं, भोकं बुजवणारं द्रव) बघून घ्या. ते काही महिन्यांत आतल्या आत सुकतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. चाक कानाजवळ धरून हलवा, आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला नाही तर रेसच्या आधी नवीन भरा.

४. ब्रेक पॅड

डिस्क ब्रेकचे पॅड दोन जातीचे असतात, ऑरगॅनिक ज्यांना रेझिनसुद्धा म्हणतात, आणि मेटलचे म्हणजे सिंटर्ड. ऑरगॅनिक शांत असतात, कोरड्यात छान चावतात, पण बारीक वाळूच्या चिखलात ते इतके भराभर झिजतात की एका लांब ओल्या रेसमध्ये नवा जोड संपू शकतो. मग लिव्हर हँडलपर्यंत येतो, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, आणि पुढे उतार असतो. त्यामुळे पावसासाठी सिंटर्ड. आवाज करतात, करू देत.

एक अडचण आहे. काही स्वस्त रोटरवर (पॅड जिला चावतात ती चाकाची चकती) रेझिन ओन्ली असं कोरलेलं असतं, त्यांच्यावर सिंटर्ड चालत नाहीत, रोटर खराब होतो. चाकाजवळ बसून रोटर वाचा, मगच ऑर्डर करा. तुमचा रोटर तसा असेल तर ऑरगॅनिकचा नवा जोड लावा आणि एक जोड सोबत ठेवा.

नवे पॅड रेसच्या सकाळी लावू नका. ते बसवावे लागतात, म्हणजे रिकाम्या कोरड्या रस्त्यावर मध्यम स्पीड घ्यायचा, चाक लॉक न करता दाबून गाडी जवळपास थांबेपर्यंत हळू करायची, सोडायची, पुन्हा स्पीड, असं पंधरा-वीस वेळा पुढच्या आणि तेवढंच मागच्या ब्रेकला. हे न करता थेट चिखलात गेलात तर पॅड चावायच्या आधीच घासून जातात.

५. चेन, गिअर आणि अडकणारा चिखल

चेनला वेट ल्यूब लावा, ड्राय ल्यूब पहिल्या डबक्यात धुऊन जातं. आदल्या रात्री लावा, प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवा, आणि सकाळी बाहेरून कोरड्या कापडाने खसाखसा पुसा. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर चिकट थर ठेवलात तर वाळू तिथेच बसते.

डाउन ट्यूबच्या (फ्रेमची खालची तिरकी नळी) खालच्या बाजूला, फोर्कच्या कमानीखाली आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) आत थोडा सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन पुसला तर चिखल कमी चिकटतो. थेट फवारू नका, एक तुषार रोटरवर उडाला तरी ब्रेक गेला.

आता हँगरबद्दल, कारण ओल्या रेसमध्ये गाडी बंद पडायचं हे नेहमीचं कारण. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो मुद्दाम नाजूक केलेला असतो, म्हणजे धक्का बसला की तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. चिखलात गवत आणि काड्या डिरेलरच्या चकत्यांमध्ये गुंडाळल्या जातात, चकत्या फिरेनाशा होतात, तुम्ही जोर लावता आणि चेन अख्खा डिरेलर मागून वर ओढते, कट्ट. हे अचानक होत नाही. आधी पेडल जड होतं, खरखर येते. तेवढ्यात उतरा, बोटाने गवत ओढून काढा, जा पुढे. दहा सेकंदांचं काम. ज्यांनी जोर लावला ते गाडी हातात धरून चालत येतात.

आणि चेन चेनरिंगवरून (पेडलजवळचं दातेरी चक्र) न सुटता तशीच वर ओढली जाऊन फ्रेमपाशी अडकली तर पुढे रेटू नका, अर्धा फेरा उलटा मारा, बहुतेक वेळा सुटते.

६. कपडे, चष्मा, हात

हातांपासून सुरू करतो कारण सगळं हातांवर आहे. बोटं गारठली की ब्रेक आणि गिअर दोन्ही जातात. पूर्ण बोटांचे ग्लोव्ह घाला आणि दुसरा कोरडा जोड झिप पाउचमध्ये घालून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. रेसच्या मध्यावर ते कोरडे ग्लोव्ह चढवल्यावर जे बरं वाटतं त्याला तोड नाही.

कॉटन काहीही नको, आतलं बनियनसुद्धा नको. अंगाला घट्ट बसणारा सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर, वर जर्सी, आणि थंडी असेल तर घडी होऊन मुठीत मावणारं विंड जॅकेट. ढगळ रेन पँट सीटमध्ये अडकते, ती टाळा.

चष्मा पारदर्शक काचेचा. ढगाळ हवेत झाडीखाली काळ्या काचेने मुळं दिसत नाहीत. चिखल उडाला की ग्लोव्हने पुसायचा मोह होतो, तो आवरा, त्याने फक्त चिखल पसरतो आणि काचेवर ओरखडे येतात. बाटलीतल्या साध्या पाण्याची एक चिळकांडी मारा. फाडून टाकायच्या पातळ फिल्मचे गॉगल असतात, पण त्या फिल्म ट्रॅकवर टाकल्या तर जंगलात प्लास्टिक राहतं आणि बऱ्याच रेसमध्ये त्याला मनाईही असते. माझ्या मते सगळ्यात भारी उपाय म्हणजे फोर्कच्या कमानीला झिप टायने बांधायचा छोटा प्लास्टिकचा मडगार्ड. पुढच्या चाकाचा चिखल डोळ्यात यायचा तो तिथेच अडतो. फक्त तो आणि टायर यांच्यात जागा राहील असा बांधा.

बुटांच्या पुढच्या टोकाला दोन स्क्रूची भोकं असतात, त्यात स्पाइक बसतात. जिथे गाडी घेऊन चढ चढायचाय तिथे स्पाइक नसलेला माणूस एक पाऊल पुढे दोन पावलं मागे करत बसतो. क्लिपची (बूट पेडलमध्ये अडकवायची पद्धत) सवय पक्की नसेल तर सरळ पिनवाले फ्लॅट पेडल लावा, कोणी काही म्हणत नाही. क्लिपवाल्यांनी पेडलचा स्प्रिंग थोडा सैल करून ठेवा, आणि चिखल भरून क्लिप लागेना तर बूट पेडलच्या बाजूवर दोनदा आपटा.

७. सोबत न्यायचं सामान

गाडीवर किंवा खिशात:

- टायरला बसेल अशी ट्यूब, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली
- सीओटू (हवा भरायचं छोटं गॅसचं नळकांडं) किंवा छोटा पंप, शक्यतो दोन्ही
- टायर लिव्हर, ट्यूबलेस प्लग
- मल्टिटूल, चेन टूलसकट
- तुमच्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी
- स्पेअर हँगर, तुमच्याच फ्रेमचा, कारण एकाचा दुसऱ्याला बसत नाही
- दोन-तीन झिप टाय

तळावर ठेवायचं: स्पेअर ब्रेक पॅड, ल्यूब, जुनी फडकी, ब्रश, पाण्याचा कॅन, टॉवेल, अंतर्वस्त्रांपासून मोज्यांपर्यंत कोरडे कपडे, लोकरीची टोपी, फॉइलचं ब्लँकेट, थर्मासमध्ये गरम पेय, आणि चिखलाचे कपडे टाकायला मोठी प्लास्टिकची पिशवी.

ही सगळी हत्यारं घरी एकदा वापरून बघा. चेन तोडून जोडायला तुम्ही पहिल्यांदाच पावसात, थरथरत्या हातांनी शिकणार असाल तर ते हत्यार खिशात असून नसल्यासारखं.

८. ट्रॅक आधी बघणं

आदल्या दिवशी प्रॅक्टिसला परवानगी असेल तर एक लॅप मारा, बस. जास्त मारलात तर ट्रॅकही खराब होतो, गाडीही. पाऊस मोठा असेल तर आयोजक प्रॅक्टिस बंदच ठेवतात, तेव्हा अवघड जागा पायी जाऊन बघा. पायी बघितल्यावर सोपी बाजूची लाइन दिसते जी गाडीवरून दिसत नाही. जिथे दोन लाइन दिल्यात तिथे लांबची सोपी लाइन ओल्यात बऱ्याचदा जास्त फास्ट पडते.

आणि चिखल एकाच जातीचा नसतो, हे डोक्यात ठेवा. बरेच दिवस कोरडं असून पहिला पाऊस पडला की वर नुसता तेलकट थर येतो, खाली घट्ट, दिसायला काहीच नाही आणि गाडी घसरते. धो धो पाऊस चालू असताना चिखल पातळ असतो, उडतो फार, पण गाडीला चिकटत नाही, धुऊन जातो. सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस थांबून वर ऊन पडलं आणि चिखल सुकायला लागला ती वेळ. तेव्हा तो कणकेसारखा होतो, टायरला थरावर थर बसतात, चाकं थांबतात. म्हणजे सकाळच्या गटाला आणि दुपारच्या गटाला एकाच ट्रॅकवर दोन वेगळ्या रेस मिळतात. तुमचा स्टार्ट किती वाजता आहे आणि पाऊस कधी थांबणार आहे हे बघून टायर आणि हवा ठरवा.

९. रेसची सकाळ

लवकर पोचा. नंबर प्लेट झिप टायने बांधताना ब्रेकची होज आणि गिअरची केबल टायमध्ये आवळली जात नाही ना ते बघा. प्लेट मोठी वाटते म्हणून कापू नका, घडी घालू नका, बऱ्याच ठिकाणी त्यावर दंड असतो आणि टायमिंगची चिप बहुतेक वेळा तिच्याच मागे चिकटवलेली असते.

वॉर्म-अप जॅकेट घालून करा आणि जॅकेट स्टार्टला कोणाकडे तरी द्या. स्टार्टच्या लाइनवर थंड उभं राहून पहिल्याच चढाला पाय दगडासारखे होतात.

स्टार्टला मधल्या घोळक्यात घुसू नका. पहिले पाचशे मीटर सगळे जिवाच्या आकांताने पळतात, मग सिंगल ट्रॅकच्या (एकाच गाडीपुरती अरुंद वाट) तोंडाशी गर्दी होते, कोणीतरी घसरतो आणि मागचे दहा जण त्याच्यावर. पहिली रेस असेल तर मागच्या तिसऱ्या भागात, एका कडेला उभे राहा. पुढच्याच्या चाकाला चिकटून गेलात तर त्याचा सगळा चिखल तुमच्या तोंडावर, म्हणून थोडं बाजूला राहून चालवा.

१०. ट्रॅकवर गाडी कशी चालवायची

मुळं: ओलं मूळ आडवं ओलांडायचं, शक्य तितकं काटकोनात. मुळावर असताना ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, जोरात पेडल नाही. जे काय हळू व्हायचंय ते मुळाच्या आधी मातीवर. तिरकं मूळ समोर आलं आणि काटकोन मिळत नाही तर पुढचं चाक हलकं करा, हात थोडे वर ओढा, आणि गाडीला तिच्या वेगाने जाऊ द्या. मुळावर दचकून ब्रेक दाबणारा पडतोच.

लाकडी पूल आणि फळ्या: सरळ आत शिरा, मध्यभागी, काही न करता. वर जाळी ठोकलेली नसेल तर त्यावर अजिबात विश्वास नको.

दगड: सगळे सारखे नसतात. खरबरीत दगड ओला असूनही धरतो. गुळगुळीत, हिरवट झाक असलेला, शेवाळलेला धरत नाही.

उतार: वजन थोडं मागे आणि खाली, पण हात ताठ करून सीटच्या पार मागे लटकू नका, तसं केलं की पुढच्या चाकावर वजन राहत नाही आणि ते वळत नाही. नवखे घाबरून नेमकं हेच करतात. पुढचा ब्रेक वापरायचाच, एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत. नुसता मागचा दाबून ठेवलात तर मागचं चाक लॉक होऊन घसरत राहतं आणि गाडी थांबत तर नाहीच. ब्रेक सरळ जागेत संपवा, वळणात शिरताना सोडा.

आडव्या उतारावरून जाताना बाहेरचं, म्हणजे उताराच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर जोर, आणि लाइन गरजेपेक्षा थोडी वर धरा, कारण गाडी खाली सरकणारच आहे.

चढ: उभं राहून दाबू नका, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सीटच्या पुढच्या टोकावर बसा, कोपर खाली, गिअर सोपा, पण अगदीच सगळ्यात सोपा नको, त्यात झटका बसून चाक निसटतं. गिअर चढाच्या आधी बदला. आणि चाक फिरायला लागलं, गाडी रुतली, तर लगेच उतरा. रुतलेल्या गाडीवर पाच पेडल मारण्यात जेवढी ताकद जाते तेवढ्यात तुम्ही चालत वर पोचता. चालताना कडेने चाला, गाडीवर बसलेल्याला वाट द्या. चिखल चिकट असेल तर गाडी ढकलण्यापेक्षा उचला, ढकलताना चाकं अजून चिखल गोळा करतात.

डबकी: कडेने चुकवत जायचं मनात येतं, पण कड बहुतेक वेळा जास्त निसरडी असते आणि डबक्याचा तळ टणक, त्यात सगळ्यांनी कडेने जाऊन ट्रॅक रुंद होत जातो ते वेगळंच. अर्थात तळ माहीत असेल तरच मधून घाला. माहीत नसेल तर पुढच्याचं चाक कुठपर्यंत बुडतं ते बघा. आत शिरताना वजन मागे, हँडल सरळ, पेडल चालू.

लांब सपाट पट्टा आला की ब्रेक हलकेच दोन सेकंद दाबून सोडा, रोटरवरचं पाणी आणि घाण निघते. आणि गिअर अधूनमधून वरखाली करत राहा म्हणजे कॅसेटमध्ये (मागची दातेरी चक्रं) चिखल जमून बसत नाही.

११. पाणी, खाणं आणि तोंडात जाणारा चिखल

हे लोक सगळ्यात हलक्यात घेतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००७ साली पावसात एक माउंटन बाइक रेस झाली, त्यानंतर २०० हून जास्त रायडर जुलाबाने आजारी पडले. कारण निघालं कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि तपासात दुवा लागला तो तोंडात गेलेल्या चिखलाशी. ट्रॅक जिथे गुरं चरतात किंवा जंगली जनावरं फिरतात अशा जागेतून जातो, त्यांची विष्ठा पावसाने चिखलात मिसळते, पुढच्या चाकाने ती थेट डाउन ट्यूबवरच्या बाटलीच्या तोंडावर येते, आणि आपण तीच बाटली तोंडाला लावतो.

म्हणून टोपण असलेली बाटली घ्या. साधी असेल तर आधी थोडं पाणी जमिनीवर पिचकवून तोंड धुवा, मग बाटली ओठांना न लावता पिचकारी मारून प्या. पाठीवरच्या हायड्रेशन बॅगच्या नळीलाही झाकण मिळतं. लॅपच्या रेसमध्ये फीड झोनला दर वेळी स्वच्छ बाटली घ्या.

खायच्या गोष्टींची पाकिटं आदल्या रात्रीच एका कोपऱ्यात फाडून ठेवा, ओल्या ग्लोव्हने ती फाटत नाहीत. आतलं चिखलाच्या बोटांनी काढू नका, पाकीट दाबून थेट तोंडात. कोरड्यात तासाभराची असलेली रेस चिखलात दीड तासावर जाते, त्यामुळे खाणं त्या हिशोबाने जास्त ठेवा. आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका.

रेसनंतर दोन ते पाच दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा असं काही झालं तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा. अंगदुखी आणि डोळे लाल होऊन ताप आला तरी सांगा, लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो आणि त्याची लक्षणं कधी कधी दोन आठवड्यांनीसुद्धा दिसतात.

१२. थंडी अंगात शिरली तर

चढावर घाम, मग उतारावर वारा, अंगावर ओले कपडे, यात शरीर फार भराभर गार पडतं, त्याला बर्फ पडायची गरज नसते. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीत अचानक गारा, गार पाऊस आणि वारा आला आणि २१ धावपटू गेले. त्यांच्यातले काही जण अव्वल दर्जाचे होते. फिट असणं थंडीपासून वाचवत नाही.

नुसती हुडहुडी भरली तर खा, जॅकेट घाला, हलते राहा. पण बोटांनी झिप लावता येईना, बोलणं अडखळायला लागलं, साध्या जागी गाडी पडायला लागली, किंवा कापरं भरलेलं असताना ते अचानक थांबलं आणि तरी गार वाटतंय, तर रेस तिथेच सोडा आणि जवळच्या मार्शलकडे जा. दुसरा कोणी असा दिसला तर थांबा, त्याला एकट्याला सोडू नका, ओले कपडे काढून कोरडं काहीतरी गुंडाळा, वाऱ्यापासून आडोशाला न्या. तुमची वेळ गेली तर गेली.

रेस सोडलीत तर आयोजकांना सांगितल्याशिवाय घरी जाऊ नका. नाहीतर अंधारात तुम्हाला शोधायला लोक पुन्हा त्याच चिखलात जातात.

१३. फिनिशनंतर

आधी स्वतः, मग गाडी. ओले कपडे पाच मिनिटांत बदला, डोक्याला टोपी, गरम काहीतरी प्या. खरचटलेलं स्वच्छ पाण्याने नीट धुवा, आत मातीचा कण राहता कामा नये. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

गाडी चिखल सुकायच्या आत धुवा. प्रेशर वॉशर असेल तर लांबून आणि वरून, हब, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट (चाकांचे, पेडलचे आणि हँडलचे फिरणारे सांधे), फोर्कचे सील यांच्यावर धार नको, पाणी आत घुसून ग्रीस निघून जातं. साधी बादली आणि ब्रश उत्तम. टायर आणि बुटांच्या तळव्यांतली माती तिथल्या तिथेच काढून टाका, झाडांचे रोग आणि तणाच्या बिया याच मातीतून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात.

त्याच संध्याकाळी चेन पुसून कोरडी करा आणि ल्यूब लावा, एका रात्रीत गंज चढतो. सीटपोस्ट काढा आणि गाडी उलटी करून फ्रेममध्ये शिरलेलं पाणी निथळू द्या. चाकं काढून पॅड बघा, पत्र्यावर एक मिलिमीटरहून कमी माल राहिला असेल तर बदला. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, हीटरसमोर ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो. कपडे आधी गार पाण्यात नुसते खळबळून माती काढा, मग मशीनमध्ये.

तीन-चार दिवसांनी चाकं हातात धरून धुरा बोटांनी फिरवा, पेडल आणि हँडलही फिरवून बघा. कुठे खरखर लागली तर पाणी बेअरिंगमध्ये गेलंय, पुढची राइड मारायच्या आधी ते उघडून साफ करून ग्रीस भरून घ्या, तसंच चालवलं तर बेअरिंग बदलायलाच लागेल.